फोर्क करण्याआधी

नाशिक

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुमचं सगळं काम ज्या लायब्ररीवर, म्हणजे दुसऱ्याने लिहून सगळ्यांना खुल्या ठेवलेल्या कोडवर, चालतं तिचा मेंटेनर, म्हणजे ती सांभाळणारा, उत्तर देत नाही. म्हणून ती फोर्क करायची, म्हणजे तिची वेगळी प्रत काढून स्वतः चालवायची म्हणतेस. फोर्क एका क्लिकचं काम. पण बाकीचे वापरणारे जुन्याच पॅकेजवर राहतात, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या, टेस्ट, रिलीज हे सगळं तुमच्या गळ्यात पडतं.

बागलाणातली फड पद्धत तुला माहीत आहे. बंधाऱ्याचं पाणी सगळ्यांचं, म्हणून पाटातला गाळ काढायलाही सगळे. इथे पाणी घेणारे हजारो आणि गाळ काढणारा एकटा.

आधी इश्यूंना, म्हणजे लोकांनी नोंदवलेल्या तक्रारींना, हात घाल. तक्रार स्वतः चालवून बघ. व्हर्जन कोणतं, ऑपरेटिंग सिस्टिम कोणती, चूक दिसेल एवढाच दहा-वीस ओळींचा कोड, असं लिही. मग इतरांच्या पुल रिक्वेस्ट, म्हणजे त्यांनी पाठवलेले कोडमधले बदल, उतरवून टेस्ट चालव आणि काय चालवलं ते नोंदव. नुसतं ‘छान’ लिहिण्याचा काडीचा उपयोग नसतो. स्वतःचा बदल पाठवशील तेव्हा एका रिक्वेस्टमध्ये एकच दुरुस्ती, सोबत आधी नापास आणि मग पास होणारी टेस्ट. त्यात फॉरमॅटिंग मिसळलंस तर चार ओळी चारशेंत हरवतात आणि तपासणारा ते बाजूला सारतो.

‘कधी होणार?’ असा तगादा मात्र लावू नकोस. एक्सझेड युटिल्स या फाइली लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या थकलेल्या मेंटेनरवर 2022 साली असाच दबाव आणला गेला. मदतीला आलेल्या नव्या सहकाऱ्याने 2024 मध्ये 5.6.0 आणि 5.6.1 या व्हर्जनमध्ये चोरदरवाजा बसवला. एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकात सुरक्षितपणे, लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरना खटकलं, म्हणून तो सापडला. मेख अशी की तो जोडणारी स्क्रिप्ट टारबॉलमध्ये, म्हणजे रिलीजच्या बांधलेल्या फाइलीत होती; सगळ्यांना दिसणारा कोड जिथे असतो त्या गिटमध्ये नव्हती. तुला कधी रिलीजचे अधिकार मिळाले तर टारबॉल गिटमध्ये त्या व्हर्जनला लावलेल्या टॅगवरूनच बनव आणि दुसऱ्याकडून ताडून घे.

पैशांचंही ऑफिसात बोल. 2014 मध्ये इंटरनेटवरचा संवाद सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल लायब्ररीतला हार्टब्लीड हा गंभीर दोष उघडकीस आला तेव्हा तिला देणग्या मिळत होत्या वर्षाला जेमतेम 2,000 डॉलर! तरी मला विचारशील तर एकरकमी देणगीपेक्षा दर शुक्रवारचे तुझे दोन तास ऑफिसच्या वेळेतून मंजूर करून घे.

मेंटेनरला खासगीत एवढंच विचार, की पॅकेजच्या खात्यात दुसरं कोणी आहे का आणि डोमेनचे पैसे कोणाच्या कार्डावरून जातात. दोन-तीन महिने काम करूनही उत्तर आलं नाही, तर खुशाल फोर्क कर. मूळ परवाना आणि लेखकांची नावं तेवढी काढू नकोस.

तुझे,
बाबा