मासे पकडण्याचा नकाशा मासे राखण्यासाठीही वापरा

मा. मत्स्यव्यवसाय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

समुद्रकिनारा नसलेल्या खानदेशातून हे पत्र येत असल्याचे आपणास नवल वाटेल. परंतु नंदुरबार-नवापूरच्या आठवडे बाजारात सुक्या बोंबलाचे आणि जवळ्याचे ढीग लागतात आणि भाजीपाला महागला की अनेक घरांची भाकरी त्यावरच निभावते. त्या जवळ्याची एक मूठ कागदावर पसरून पाहिली, तर नखाएवढी, धड ओळखूही न येणारी इतर माशांची पिल्ले त्यात मिसळलेली सापडतात.

ती वाचावीत म्हणून शासनाने ठरावीक लांबीपेक्षा लहान मासे न पकडण्याचे, म्हणजे किमान आकारमानाचे, नियम केले, २०२३ मध्ये पापलेटला राज्यमाशाचा मान दिला, हे योग्यच झाले. मात्र हे नियम पिल्लू जाळ्यापर्यंत पोहोचल्यानंतरचे आहेत. खरी कत्तल त्याच्या कितीतरी आधी होते. बहुतेक सागरी माशांची अंडी जेमतेम मिलिमीटरभराची असून ती प्रवाहाबरोबर वाहतात. अंड्यातून निघालेल्या पिल्लाची बलकाची शिदोरी उष्ण पाण्यात दोन-तीन दिवसांतच संपते आणि त्यानंतर तोंडाजवळ प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, नसतील तर ते उपाशी मरते. नॉर्वेचे मत्स्यशास्त्रज्ञ योहान यॉर्ट यांनी १९१४ मध्येच मांडले होते की एखाद्या वर्षी मासळी मुबलक आणि एखाद्या वर्षी दुर्मीळ का होते, याचे उत्तर या कोवळ्या वयात शोधावे लागते. कापसाची उगवण झाल्यावर पावसाने ओढ दिली तर काय होते, हे आम्हा खानदेशकरांना वेगळे सांगायला नको.

इथेच भोवऱ्यांचा संबंध येतो. समुद्रातले हे भोवरे दहा-वीस किलोमीटरपासून शेकडो किलोमीटरपर्यंत रुंद असतात आणि काही आठवडे, कधी महिनोन्‌महिने टिकतात. आपल्या गोलार्धात घड्याळाच्या उलट दिशेने फिरणारा भोवरा मध्यभागी खालचे थंड, पोषक द्रव्यांनी भरलेले पाणी वर आणतो. तिथे प्लवक वाढतात आणि अडकलेल्या पिल्लांना चारा मिळतो, अर्थात त्यांना खाणारेही तिथेच जमतात. उलट, किनाऱ्याला घासून जाणारा भोवरा उथळ पाण्याचा पट्टाच खोल समुद्राकडे ओढून नेतो आणि त्यातली पिल्ले आपल्या खाड्यांना कायमची मुकतात. लाखातली दोन जगण्याऐवजी चार जगली, तरी पुढच्या हंगामाची मासळी दुप्पट होऊ शकते.

असे असताना आपली मासेमारीवरील पावसाळी बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची ठरलेली आहे. प्रवाह मात्र पंचांग पाहून वाहत नाहीत. ही बंदी उठवावी असे माझे मुळीच म्हणणे नाही. तिला पाण्याच्या निरीक्षणाची जोड द्यावी, एवढेच आहे.

हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही केंद्रीय संस्था उपग्रहांनी टिपलेले समुद्राचे तापमान व त्यातील प्लवकांचे हरितद्रव्य पाहून मासळी कुठे मिळेल याची सूचना मच्छीमारांना देते. म्हणजे पाण्याच्या हालचालीचा उपयोग आपण करतोच, पण फक्त पकडण्यासाठी. पावसाळी ढगांतूनही समुद्रपातळी मोजणारे उपग्रह भोवरे दाखवतात. पिल्ले मात्र त्यांना दिसत नाहीत, त्यासाठी बारीक जाळी ओढून नमुनेच घ्यावे लागतात. तेव्हा पालघर ते सिंधुदुर्ग या पट्ट्यात विणीच्या काळात दरमहा अंडी-पिल्लांची पाहणी सुरू करावी, ती प्रवाहांच्या नकाशांशी ताडून पाहावी आणि पिल्ले दाटलेल्या पट्ट्यात ट्रॉलर (जाळे ओढत नेणाऱ्या यांत्रिक नौका) व पर्ससीन (थव्याला वेढणारे मोठे जाळे) यांना तेवढ्यापुरती मनाई करण्याचा अधिकार जिल्हा पातळीवर द्यावा. अशा मनाईत ज्यांची रोजी बुडेल, त्यांच्या भरपाईची तरतूद त्याच आदेशात असावी, नाहीतर तो आदेश बंदरावर कोणी मानणार नाही.

आपला,
नंदुरबार जिल्ह्यातील प्राणिशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक