उन्हाळी सुट्टीत गावी जाणाऱ्या सभासदांसाठी सूचना

वसतिगृहातील सर्व सभासदांस कळविण्यात येते की, यंदा परीक्षा लांबल्यामुळे दोन सत्रांमधील सुट्टी अगदी थोडी उरली असून, ती आंबे आणि झोप यांतच संपू नये म्हणून शिष्यवृत्तीच्या कागदपत्रांचे काम घरी पोहोचताच हाती घ्यावे.

महाडीबीटी या राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरील अर्जासाठी लागणारा एक वर्षाचा उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच वैध असतो. त्यामुळे गतवर्षीच्या दाखल्यावर नवा अर्ज भरता येईल, असे कोणीही गृहीत धरू नये. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये या दाखल्यासाठी १५ दिवसांची, तर नॉन-क्रिमिलेअर (मागास प्रवर्गातील कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याच्या) प्रमाणपत्रासाठी २१ दिवसांची मुदत ठरलेली आहे. म्हणजेच सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात सेतू केंद्राची पायरी चढणाऱ्याच्या हाती पावतीखेरीज काही लागणार नाही. या दाखल्यांसाठीचा अर्ज 'आपले सरकार' संकेतस्थळावरूनही करता येतो. परंतु तलाठ्यांचा अहवाल गावीच मिळत असल्याने (आणि आईवडिलांना फोनवरून कपाटातले कागद शोधायला लावणे किती अवघड असते, हे सर्वांना ठाऊक आहेच) ही कामे स्वतः हजर असताना उरकणे श्रेयस्कर.

कोकणात जाणाऱ्यांनी परतीचे आरक्षण आताच करावे व निघण्यापूर्वी गाडीची वेळ पुन्हा तपासावी, कारण कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक जूनमध्ये लागू होते.

खोलीत खाद्यपदार्थ ठेवू नयेत. किल्ली अधीक्षकांकडे जमा करून नोंदवहीत सही करावी.

— विद्यार्थी समिती