ओठाखालच्या पाऊचविषयी

चि. अमेय यास,
अनेक आशीर्वाद.

काल तुझी जीन्स धुवायला टाकताना खिशातून एक गोल डबी निघाली. आत ओठाखाली ठेवायचे, चिमटीत मावतील असे निकोटिनचे पांढरे पाऊच होते आणि झाकणातल्या छोट्या कप्प्यात वापरून ठेवलेले तीन. तुझे खिसे तपासायला मी गेले नव्हते, एवढे आधी सांगते.

यात तंबाखूचे पान नाही आणि धूरही नाही, असे तू म्हणशील, आणि ते खरे आहे. धूर नसल्याने कार्बन मोनॉक्साइड शरीरात जात नाही, त्यामुळे एखाद्याने सिगारेट पूर्णपणे सोडून पाऊच घेतला तर त्याचे नुकसान कमी होते. परंतु तू सिगारेट कधी ओढलीच नाहीस. मग तुझे काय कमी झाले?

निकोटिन तोंडाच्या अस्तरातून सहज रक्तात उतरावे म्हणून पाऊचमध्ये अल्कधर्मी क्षार मुद्दाम घातलेले असतात. रक्तात गेलेले निकोटिन शरीराला अ‍ॅड्रेनालिन सोडायला लावते, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, आणि हृदयाला जास्त प्राणवायू हवा असतो नेमक्या त्याच वेळी त्याला रक्त पुरवणाऱ्या धमन्या आकसू लागतात. मला सर्वांत जास्त भीती याचीच वाटते. तुझ्या डबीवर ६ मिलिग्रॅम लिहिले आहे; एका सिगारेटमधून शरीरात साधारण १ ते १.५ मिलिग्रॅम निकोटिन जाते. पाऊचमधले सगळे शोषले जात नाही, हे मान्य. पण रक्तातले निकोटिन निम्मे व्हायला सुमारे २ तास लागतात, आणि त्याआधीच तू दुसरा पाऊच ठेवत असशील, तर हृदयाला उसंत मिळायची कधी? शिवाय ही वस्तू इतकी नवी आहे, की ती तीस-चाळीस वर्षे वापरल्यावर हृदयाचे काय होते, हे अजून कोणी पाहिलेलेच नाही.

मागच्या सुट्टीत जेवता जेवता छातीत धडधडते असे तू म्हणाला होतास, आणि मी ते जागरणावर ढकलले. त्या वेळी मी नीट विचारायला हवे होते.

पाऊच ठेवण्याआधी मनगटावर बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोज, अर्ध्या तासाने पुन्हा मोज आणि दोन्ही आकडे मला कळव. सोडताना काही दिवस चिडचिड होईल, झोप लागणार नाही. त्यासाठी आपण डॉक्टरांकडे जाऊ, मी सोबत येईन. मात्र छातीत दुखले किंवा चक्कर आली तर माझी वाट पाहू नकोस, तडक रुग्णालय गाठ.

डबी तुझ्या टेबलाच्या खणात ठेवली आहे. तिचे काय करायचे ते तू ठरव.

तुझी,
आई