वाइन सहल : दिवसाला दोन वायनऱ्या पुरेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

थंडी पडू लागली की इंदुरात ‘नाशिक वाइन टूर’च्या जाहिराती फिरू लागतात. हल्ली मराठी मंडळांत आणि भिशीच्या गटांतही त्यांची चौकशी होते. शुक्रवारी रात्री गाडीत बसायचे, शनिवारी दिवसभरात पाच वायनऱ्या पाहायच्या आणि त्याच रात्री परतीला लागायचे, असा बेत पुष्कळदा असतो. सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांतून, द्राक्षबागांमधून जाणकार माणसाबरोबर दिवसभर हिंडणे ही फार सुंदर गोष्ट आहे. अशा बेताने तिचे पार वाटोळे होते, म्हणून हे पत्र.

आधी साधा हिशेब. चाखायला देतात तो घोट साधारण 30 मिलिलिटरचा. एका ठिकाणी पाच वाइन चाखल्या की 150 मिलिलिटर. पाच ठिकाणी 750, म्हणजे माणशी एक अख्खी बाटली. वाइनमध्ये 13 टक्के अल्कोहोल धरले तर हे सुमारे 77 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल झाले. शरीर ते तासाला ढोबळमानाने 7-8 ग्रॅमच्या वेगाने जिरवते, म्हणजे निचरा व्हायला दहा तास. तिसऱ्या वायनरीनंतर जीभ बोथट झालेली असते, चौथीत माहिती सांगणाऱ्याकडे कोणी लक्ष देत नाही, आणि पाचवीत फोटो तेवढे निघतात. दिवसाला दोन वायनऱ्या नीट पाहाव्यात. संध्याकाळी तिसऱ्या ठिकाणी जायचेच असेल तर नुसते बसायला जावे.

नाशिकची बाग पाहायची तर कधी, हे ठरवण्याआधी वेलीचे वर्ष समजून घ्यावे लागते. थंड देशांत द्राक्षवेल हिवाळ्यात झोपते. आपल्याकडे तशी थंडी नाही, त्यामुळे ती वाढतच राहते आणि माणसाला तिला दोनदा छाटावे लागते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. तिच्या फुटीवर घड घ्यायचे नसतात, नुसती काडी पिकवायची असते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, आणि तिच्या फुटीवर घड येतात. तिथून पुढे चार-पाच महिन्यांनी, म्हणजे जानेवारी ते मार्चमध्ये, तोडणी. घड वेलीवर, टाक्यांत आंबवण चालू आणि हवा सुखाची, असे तिन्ही एकत्र हवे असेल तर जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीची अखेर हाच काळ. पावसाळ्यात डोंगर हिरवेगार दिसतात, पण वेलीवर पानांखेरीज काही नसते. मे महिन्यात तर काड्याच पाहाव्या लागतात.

एक गफलत दरवर्षी होते. 26 जानेवारीला जोडून सुट्टी आली की तोच मुहूर्त धरला जातो आणि त्या दिवशी ‘ड्राय डे’ असतो. बाग पाहायला मिळते, चाखायला काही मिळत नाही. तारीख ठरवण्याआधी महाराष्ट्रातले ड्राय डे पाहून घ्यावेत, निवडणुका असल्या तर त्यांचेही.

आता रस्ता. इंदूर-नाशिक साधारण 400 किलोमीटर आहे, आणि तो आपलाच जुना आग्रा-मुंबई रस्ता आहे. सेंधवा, बिजासन घाट, शिरपूर, धुळे, मालेगाव, चांदवड असे जावे लागते. थांबत गेले तर आठ तास धरावेत. चांदवडला होळकरांचा रंगमहाल आहे. इंदूरकराने तिथे न थांबता पुढे जाऊ नये असे आमचे मत आहे, आणि पाठ मोकळी करायलाही ती जागा बरी. शुक्रवारी दिवसा निघून रात्री नाशकात मुक्काम, शनिवार बागांना, शनिवारी रात्री पुन्हा मुक्काम आणि रविवारी परत, हाच बेत धड आहे. शनिवारी रात्री परतणाऱ्या गाडीचा चालक सकाळपासून जागा असतो आणि बिजासन घाटात तो पहाटेच्या सुमारास पोचतो, मालमोटारींच्या रांगेत. चालकाने दिवसभर थेंबही घेऊ नये. रक्ताच्या 100 मिलिलिटरमागे 30 मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे आणि पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याच्या जेवणाची आणि सावलीची सोय मात्र सहल नेणाऱ्याने करावी. पुष्कळ ठिकाणी तो पार्किंगमध्ये उपाशी बसलेला असतो.

नाशिकभोवती बागांच्या तीन दिशा आहेत. पश्चिमेला गंगापूर धरणाची बाजू, शहरापासून अर्ध्या तासावर. सुला ही वायनरी तिथे आहे. 1990च्या दशकाच्या अखेरीस या भागात वाइनच्या द्राक्षांची लागवड जोर धरू लागली ती तिथून, आणि 2001 मध्ये महाराष्ट्र सरकारने द्राक्ष-वाइन धोरण आणल्यावर ती पसरली. दुसरी दिशा उत्तरेला दिंडोरीची. तिसरी नैर्ऋत्येला इगतपुरी तालुक्यातली, सांजेगाव-कावनईची. ग्रोव्हर झंपा आणि वालोने या वायनऱ्या तिथे आहेत. दिंडोरी आणि इगतपुरी एका दिवसात जोडू नयेत. नकाशावर जवळ दिसतात, पण निम्मा दिवस गाडीत जातो. डोंगरातली गावे पाहायची तर सकाळी इगतपुरीची बाजू आणि दुपारनंतर गंगापूरची, ही जोडी उत्तम.

साडेआठला नाशकातून निघावे. तासा-सव्वा तासात मुकणे धरणाच्या आसपासच्या गावांत पोचता येते. स्वच्छ हवेत दक्षिणेला कळसूबाई दिसते. कावनईला किल्ला आहे आणि कपिलधारा तीर्थही. उज्जैनचा सिंहस्थ अंगवळणी पडलेल्या आपल्या लोकांना ते तीर्थ पाहायला आवडेल. इगतपुरीत वर्षाला 3,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, मग इथे द्राक्ष कसे, असा प्रश्न पडायलाच हवा. उत्तर छाटणीत आहे. घड धरण्याचा आणि पिकण्याचा काळ पावसानंतरच्या कोरड्या महिन्यांत बसवलेला असतो. ऑक्टोबरात परतीचा पाऊस लांबला की कोवळ्या फुटीवर डाऊनी, म्हणजे केवडा हा बुरशीचा रोग, पडतो आणि वर्षाचे गणित बिघडते. उताराची मुरमाड जमीन पाणी धरून ठेवत नाही, तेही वेलीच्या पथ्यावर पडते. माळव्याच्या काळ्या मातीची सवय असलेल्या डोळ्यांना ही जमीन नापीक वाटते, पण वाइनच्या द्राक्षाला थोडी उपासमार मानवते. पाला कमी वाढतो, घड लहान राहतात आणि रस दाट होतो.

बागेत चालणे सकाळी अकराच्या आत उरकावे. तिथे दोन गोष्टी हातात घेऊन पाहण्यासारख्या आहेत. एक, मणी. खायची थॉमसन किंवा सोनाका लांबट, बिनबियांची, पातळ सालीची. वाइनची शिराझ किंवा काबर्ने लहान, गोल, जाड सालीची, आत दोन-तीन बिया. साल बोटांत चुरडली तर बोटे जांभळी होतात आणि गर मात्र पांढराच असतो. लाल वाइनचा रंग सालीतून येतो हे त्या एका मण्यात कळते. मणी मागून घ्यावा, आपण तोडू नये, कारण फवारणी कधी झाली हे बागवानालाच ठाऊक असते. दुसरी गोष्ट, बुंधा. जमिनीपासून वीतभर वर एक गाठ दिसते, ते कलम. खाली डॉगरिज किंवा 110 आर जातीचे खुंट, वर हवी ती जात. मुळे एकीची आणि फळ दुसरीचे, असा हा संसार आहे.

वायनरीत काय पाहायचे हे चांगला मार्गदर्शक क्रमाने दाखवतो. आधी साखर मोजणे. खायच्या द्राक्षाला 17-18 ब्रिक्स (ढोबळमानाने रसातल्या साखरेची टक्केवारी) पुरतात, लाल वाइनसाठी 22 ते 24 लागतात. मग देठ वेगळे करणे. पांढऱ्या वाइनसाठी रस लगेच दाबून काढतात आणि 12 ते 16 अंशांना सावकाश आंबवतात. लाल रंगासाठी सालीसकट, 25 ते 30 अंशांना. टाकीभोवती थंड पाणी खेळवणारे आवरण असते, त्याला हात लावून पाहावा. ते नसते तर नाशिकच्या उन्हात आंबवण तापून यीस्ट मरते आणि साखर तशीच अर्धवट राहते. ओकची पिंपे 225 लिटरची असतात. एका बाटलीला किलोहून थोडी जास्तच द्राक्षे लागतात. तोडणीच्या दिवसांत उघड्या टाकीवर वाकू नये. आंबवणातून निघणारा कार्बन डायऑक्साइड तिथे साचतो आणि एका श्वासात चक्कर येऊ शकते. फरशी ओली असते, ज्येष्ठांनी रबरी तळाचे जोडे घालावेत.

चाखण्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण इथेच पैसे वाया जातात. निघताना पोहे खाल्ले तर शेव आणि जिरावण मसाला घरीच ठेवावे. तिखटाने वाइनमधले अल्कोहोल जास्त जळजळते आणि लाल वाइनचा तुरटपणा कडवट लागतो. पान, सुपारी, बडीशेप, पेपरमिंट हे सारे दुपारपर्यंत वर्ज्य. अत्तरही नको, एकाच्या अत्तराने साऱ्या टेबलाचे नाक बंद होते. पोट मात्र रिकामे नसावे. उकडलेली अंडी, साधी पोळी-भाजी, दही-भात असे काही खाऊन निघावे, आणि बरोबर साधा पाव किंवा बिनमिठाचे फुटाणे ठेवावेत.

क्रम असा : आधी फसफसती, मग पांढरी, रोझे (गुलाबी), लाल, शेवटी गोड. उलट केले तर लाल वाइनच्या तुरटपणानंतर शेनँ ब्लाँसारखी पांढरी वाइन पाण्यासारखी लागते. ग्लास दांडीला धरावा, पांढऱ्या कागदावर तिरका करून रंग पाहावा, एकदा वास घ्यावा, मग ग्लास फिरवून पुन्हा. दोन वासांतला फरक ओळखू येऊ लागला की अर्धे काम झाले. मग लहान घोट तोंडात आठ-दहा सेकंद फिरवावा आणि थुंकावा. आपली माणसे इथे संकोचतात. ज्या घरांत पिढ्यान्पिढ्या विड्यासाठी तस्त असायचे त्या घरांतल्या माणसांनी या तस्ताला लाजू नये. जाणकार चाखणारे सगळे थुंकतात. दोन वाइनच्या मध्ये पाण्याचे दोन घोट, आणि दिवसभरात माणशी दोन लिटर पाणी.

दोन गोष्टी टेबलावर हमखास चुकतात. लाल वाइन ‘रूम टेंपरेचर’ला द्यावी हे वाक्य 16-18 अंशांच्या खोल्यांसाठी आहे. फेब्रुवारीच्या दुपारी नाशिकची खोली 28 अंशांना असते. तेवढ्या उबेत वाइनमधून आधी अल्कोहोलच नाकात शिरते. बाटली दहा-पंधरा मिनिटे बर्फात ठेवायला सांगावे. तसे सांगण्यात काही गैर नाही. पांढरी 8-10 अंशांना चांगली, त्याहून गार झाली की वासच लागत नाही. दुसरे, बाटली कधी उघडली हे विचारावे. कालची उघडी पांढरी वाइन कापून ठेवलेल्या, तपकिरी पडलेल्या सफरचंदासारखी लागते. बुचाच्या बाटलीला ओल्या गोणपाटाचा वास आला तर तो बुचाचा दोष, ती बदलून मागावी. फिरकीच्या झाकणाला हा दोष सहसा येत नाही.

मधुमेह, रक्तदाब किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय चाखू नये. मेट्रोनिडाझोल हे प्रतिजैविक औषध चालू असेल तर अजिबात नाही. न पिणाऱ्यांनीही जरूर यावे, बाग आणि टाक्या त्यांच्यासाठीही आहेत. फक्त त्यांच्याकडून चाखण्याचे पैसे घेऊ नयेत, हे आयोजकाने आधीच ठरवावे.

गट दहा-बारा जणांचा असावा. चाळीस जणांच्या बसमध्ये मागच्या वीस जणांना काही ऐकू येत नाही आणि टेबलाशी रेटारेटी होते. मार्गदर्शक खरा की नुसता विक्रेता हे दोन प्रश्नांत कळते. ही द्राक्षे स्वतःच्या बागेतली की शेतकऱ्यांकडून घेतलेली? यंदा या तुकड्याची तोडणी कधी झाली? ज्याला हे सांगता येत नाही तो बाटलीवरचे लेबल वाचून दाखवतो आणि किमतीवर येतो.

बाटल्या विकत घ्यायच्या तर त्यांवर ‘फक्त महाराष्ट्रात विक्रीसाठी’ असे छापलेले असते आणि बिजासनपलीकडे मध्य प्रदेशचा अबकारी कायदा लागू होतो. आणण्याआधी इथल्या अबकारी कार्यालयात विचारून घ्यावे, आणि बिल जवळ ठेवावे. बाटल्या डिकीत ठेवू नयेत. उन्हात उभ्या गाडीची डिकी भट्टी होते, आतली वाइन फुगून बूच वर सरकते आणि हवा शिरते. थर्माकोलच्या डब्यात, आडव्या, सीटखाली ठेवाव्यात. घरी आणल्यावर आठवडा-दोन आठवडे अंधाऱ्या थंड जागी पडू द्याव्यात. प्रवासात ढवळलेली वाइन लगेच उघडली तर तिचा वास दबलेला असतो.

इंदुरातल्या आयोजकांना विनंती आहे की जाहिरातीत वायनऱ्यांची संख्या मोठ्या अक्षरांत छापण्याऐवजी चार गोष्टी छापाव्यात : किती रात्री मुक्काम, गटात किती माणसे, चालकाला सलग किती तास गाडी चालवावी लागणार, आणि चाखण्याचे शुल्क धरले आहे की नाही. मंडळांनीही या चार गोष्टी लेखी घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये.

आपले,
सहल-संयोजनातील काही वाचक, इंदूर