खिडकीतल्या ट्रेबद्दल, खालच्या आजींना

खालच्या मजल्यावरच्या आजी,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मराठीत आहे, त्यामुळे शनिवारी कॉफीला येईन तेव्हा मीच ते तुम्हाला जर्मनमधून सांगणार. माझं जर्मन तुम्ही दोन वर्षं चालवून घेताय, आणखी पानभर चालवून घ्या.

पुण्यात ऑक्टोबर म्हणजे घामाच्या धारा. इथे श्टुटगार्टला ऑक्टोबरचा शेवटचा रविवार आला, घड्याळं तासभर मागे गेली आणि पाचच्या सुमारास दिवेलागण व्हायला लागली. घर खायला उठायचं. म्हणून खिडकीचा कट्टा सजवायला घेतला. छोटे रंगीत भोपळे, बागेत वेचलेले चेस्टनट, हेदरच्या जांभळ्या फुलांची कुंडी. झकास दिसत होतं, पण इथल्या खिडक्या आत उघडतात हे सजवताना डोक्यातच आलं नाही! दिवसातून दोनदा खिडकी सताड उघडून हवा बदलायची, तर आधी अठरा वस्तू उचला, मग परत मांडा. तिसऱ्या दिवशी मी खिडकी उघडणंच सोडलं. त्यात रोज कुकरची वाफ. काचेवरून पाणी ओघळायला लागलं आणि कोपऱ्यात बुरशीचे काळे ठिपके उमटले.

तुम्ही माझं पार्सल द्यायला वर आलात, ठिपके पाहिलेत आणि काही न बोलता खाली गेलात. मला वाटलं, रागावलात. पाच मिनिटांनी एक जुना लाकडी ट्रे घेऊन आलात, एका बाजूची मूठ सुतळीनं बांधलेली. सगळा पसारा त्यात मांडलात. आता दोन हातांनी ट्रे उचलायचा, टेबलावर ठेवायचा, खिडकी उघडायची. इतकं सोपं, आणि मला सुचलं नव्हतं. देठ मोडलेला एक भोपळा तेवढा बाजूला काढलात, "हा आधी सडेल" म्हणून. मी ऐकलं नाही, खोली तापवणाऱ्या रेडिएटरच्या वरच ठेवला. चौथ्या दिवशी कट्ट्यावर चिकट गोल डाग पडला. तो अजून आहे.

त्या भोपळ्यांची भाजी करायला निघाले होते तेव्हा जिन्यातच तुम्ही हात धरलात, तेही विसरले नाही. शोभेचे भोपळे कडू असतात, विषारी असतात, शिजवूनही तो कडूपणा जात नाही. आमच्याकडे आई दुधी चिरताना आधी एक फोड चाखते ती याचसाठी, हे मला तुमच्या जिन्यात कळलं.

दिवाळीला ट्रेच्या वर आकाशकंदील टांगला, तर तुम्ही विचारलंत, सेंट मार्टिनच्या सणाची तयारी इतक्या लवकर? मी कंदील काढला नाही. ११ नोव्हेंबरला, त्या सणाच्या संध्याकाळी, मुलं कागदी कंदील घेऊन गाणी म्हणत आपल्या गल्लीतून गेली, तेव्हा दोघी-तिघी मान वर करून माझ्या खिडकीकडे बघत थांबल्या. एकीनं हात हलवला. त्या रात्री पहिल्यांदा मी घरी फोन करून "घरी आले" असं म्हटलं, आणि आई म्हणाली, "कुठल्या घरी?"

आजी, मनापासून आभार. ट्रे परत करायचा राहिलाय आणि खरं सांगते, द्यायचा विचारही नाही. चकल्यांचा डबा तुमच्या दाराशी ठेवलाय. जरा तिखट झाल्यात.

तुमची,
वरच्या मजल्यावरची