शनिवारी मी नळीच्या वाटेने जातेय

प्रिय आई-बाबा,

फोनवर सांगायला गेले असते तर आईचा आवाज ऐकून पाय निघाला नसता, म्हणून लिहितेय. शनिवारी मी हरिश्चंद्रगडावर जातेय, बेलपाड्याहून नळीच्या वाटेने. पैसे भरलेत, रजाही मिळालीय. आई, रागावू नकोस गं.

त्या पावसाळ्यानंतर आपल्या घरात त्याच भागातल्या माळशेज घाटाचं नाव निघत नाही. मीही काढलं नाही इतकी वर्षं. पण आता जानेवारी आहे, ओढे आटलेत, कातळ कोरडा आहे. सोबतच्या आठांपैकी चौघांनी ही वाट आधी केलीय, शिवाय गावातला वाटाड्या. वाटेत पाणी मिळत नाही, म्हणून मी पाच लिटर नेतेय. स्वेटर घेतलाय, तोच, तू विणलेला.

खोटं सांगत नाही, वाट अवघड आहे. आधी ओढ्यातल्या धोंड्यांवरून, मग दोन कड्यांच्या मधल्या नळीत. तिथे सगळा घसारा. पुढच्याच्या पायाखालून दगड सुटला तर मागच्याच्या डोक्यावर येतो, म्हणून हेल्मेट, आणि एक जण चढेपर्यंत बाकीचे आडोशाला. कातळटप्प्यांवर दोर लावणार. कड्यात आग्या मोहोळं असतात, म्हणून अत्तर नाही की धूर नाही. वर कोकणकड्यावर मुक्काम, आणि उतरायला पाचनईची सोपी वाट.

बाबा, गच्चीची लोखंडी शिडी आठवते? खालच्या पायरीवर उभे राहून तुम्ही माझी टाच तळहातात धरायचात आणि म्हणायचात, "तीन टेकू पक्के, मगच चौथा हलव." कातळावर मला कुणी वेगळं काही शिकवलं नाही. अजूनही पाय उचलताना टाचेला तुमचा हात लागतो.

आता माझं ऐका. बाबा, गोळ्यांच्या डब्यातला शनिवारचा कप्पा रात्री रिकामा दिसला पाहिजे. आई, स्टुलावर चढून माळ्यावरचं काही काढायचं नाही, मी आल्यावर काढेन. गुडघा शेकत जा. नळीत रेंज नसते, तेव्हा फोन लागला नाही म्हणून रात्रभर जागत बसू नका.

आई, केदारेश्वराच्या गुहेत पिंडीभोवती कमरेएवढं गार पाणी असतं. त्यात उतरून तुझ्या वतीने हात जोडेन. बाबा, कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याला जिथून गोल इंद्रधनुष्य दिसलं, ती जागाही बघेन.

रविवारी पाचनईतून उतरले, रेंज आली की पहिला फोन घरी. तो बाबांनी नाही, आई, तूच उचल.

तुमची,
चिमी