बेडहेडला एवढं कौतुक कशाला, म्हणतोस?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. बेडहेड या अमेरिकन रॉक बँडचा ‘ट्रान्झॅक्शन दे नोवो’ हा अल्बम तू शेवटपर्यंत ऐकलास, त्याबद्दल आधी आभार. तू लिहिलंयस त्यातलं निम्मं मला मान्य आहे. हे पत्र उरलेल्या निम्म्यासाठी.

तुझं म्हणणं थोडक्यात असं: गाणाऱ्याचा आवाज धड ऐकू येत नाही, सगळी गाणी एकाच चालीने रांगतात, आणि अल्बममध्ये खरंच दम असता तर पंचवीसहून जास्त वर्षांत लोकांनी तो शोधून काढला असता. पहिले दोन मुद्दे कानांचे आहेत. तिसरा जगरहाटीचा आहे, आणि तू सगळा जोर नेमका त्याच्यावर दिला आहेस. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

हा अल्बम १९९८ चा. त्याच साली न्यूट्रल मिल्क हॉटेल या बँडचा ‘इन द एरोप्लेन ओव्हर द सी’ आला, जो तू मला वर्षानुवर्षं ऐकवत आला आहेस. आता गंमत बघ. त्या अल्बमला पिचफोर्क या संगीतसमीक्षेच्या वेबसाइटने तेव्हा ८.७ गुण दिले होते. २००५ साली तो पुन्हा बाजारात आला तेव्हा त्याच पिचफोर्कने त्याला १० पैकी १० दिले. मधल्या सात वर्षांत अल्बममधला एक सूरही बदलला नव्हता. बदलली होती ती त्याच्याभोवतीची कहाणी: त्यांचा गायक जेफ मँगम प्रसिद्धीच्या तोंडावर गप्प झाला, बँड थांबला, आणि लोक त्या गप्प बसण्यात अर्थ शोधू लागले. अल्बम चांगला आहेच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण १.३ गुण कानांनी वाढवले की कहाणीने, हे तूच सांग.

बेडहेडकडे अशी कहाणीच नाही. टेक्ससमधल्या डॅलसचे पाच जण. मॅट आणि बबा केडेन हे भाऊ आणि टेंच कॉक्स असे तीन गिटारवाले, बेसवर क्रिस व्हीट, ड्रमवर ट्रिनी मार्टिनेझ. १९९४ ला ‘व्हॉटफनलाइफवॉज’, १९९६ ला ‘बीहेडेड’, १९९८ ला हा तिसरा, आणि त्याच वर्षी दुकान बंद. त्यांच्या बंद होण्याची दंतकथा कुणी केली नाही. केडेन बंधूंनी ‘द न्यू इयर’ नावाचा नवा बँड काढला आणि २००१ साली त्याचा पहिला अल्बमही आणला. मॅट केडेन पुढे इतिहासाचा प्राध्यापक झाला. आता प्राध्यापकावर कोण कविता करणार? बेडहेडचं ‘ट्रान्स सिंडिकेट’ हे लेबल, म्हणजे अल्बम काढणारी कंपनी, बटहोल सर्फर्स या बँडच्या किंग कॉफीने ऑस्टिनमध्ये चालवलेलं, गोंगाटी बँडांसाठी ओळखलं जाणारं. त्या गर्दीत हे पाच जण म्हणजे चुकून आलेले पाहुणेच, आणि पुढे ते लेबलही गुंडाळलं गेलं.

तू म्हणशील, काळाच्या चाळणीतून सोनं खाली पडत नाही. पण या चाळणीची भोकं कशी आहेत ते तरी बघ. डस्टर या बँडचा ‘स्ट्रॅटोस्फिअर’ घे. तोही १९९८ चाच, तोही संथ, तोही पुटपुटणारा. शिकागोच्या न्यूमेरो ग्रुप या जुनं संगीत पुन्हा काढणाऱ्या लेबलने २०१४ ला बेडहेडचा सगळा संच काढला, २०१९ ला डस्टरचा. लेबल एकच, वागणूक सारखीच. डस्टरला आज कॉलेजातली पोरं डोक्यावर घेतात, कारण त्यांच्या गाण्यांचे तुकडे छोट्या व्हिडिओंखाली चपखल बसतात. सुरुवातीच्या काही सेकंदांतच धुकं तयार होतं. बेडहेडचा तुकडाच पडत नाही. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की एक ऐकणं म्हणून मोजलं जातं, आणि बेडहेडच्या निम्म्या गाण्यांत तेवढ्या वेळात एक गिटार जेमतेम जागी झालेली असते. डस्टर मलाही आवडतो. पण एकाला लाखो लोक मिळतात आणि दुसऱ्याला मिळत नाहीत, याचा निकाल त्या दोन अल्बमांच्या तुलनेवर लागला, असं तरी म्हणू नकोस.

झालं. जगरहाटी इथे सोडतो. नाहीतर ‘अन्याय झाला हो’ म्हणून छाती बडवणाऱ्यांत मीही जमा व्हायचो, आणि त्या मंडळींचा मला तुझ्याइतकाच कंटाळा आहे. दुर्लक्षित असणं हा गुण नव्हे. दुर्लक्षित अल्बमांतले बहुतेक त्याच लायकीचे असतात. बेडहेडला जास्त कौतुक मिळायला हवं असं मी म्हणतो ते एका अगदी ठराविक गोष्टीसाठी, आणि ती तुझ्या कानांवरून निसटली असावी असा मला दाट संशय आहे.

त्या तीन गिटारी. रॉकमध्ये तीन गिटारी असल्या की काय होतं ते तुला माहीत आहे. एक ऱ्हिदम धरते, दुसरी मिरवते, आणि तिसरी पहिलीच्याच कॉर्डचा आणखी एक थर चढवते. भिंत जाड होते, इतकंच. इथे तसं होत नाही. बहुतेक जागी तिन्ही गिटारी स्वच्छ आवाजात एकेक सुटा सूर वाजवतात, आणि त्यातली कुठलीही एक ओळ वेगळी काढलीस तर ती अपुरी वाटते. पहिली दोन-चार सूर वाजवून थांबते, ती थांबते तिथे दुसरी शिरते, आणि तिसरी त्या दोघींच्या खालून काहीतरी अगदी साधं, जवळजवळ हट्टी असं फिरवत राहते. चाल कुणा एकीकडे नसतेच. ती तिघींच्या मधल्या जागेत तयार होते. हेडफोन लावून ‘लेपिडॉप्टेरा’ ऐक आणि एकाच गिटारचा माग धर. थोड्या वेळाने ती तुला दुसऱ्या गिटारच्या हवाली करून टाकेल आणि हे कधी झालं ते कळणारही नाही. यात बोटांची करामत काही नाही. शिकाऊ पोरगाही ती एकेक ओळ वाजवेल. अवघड आहे ते तिघांनीही आपापल्या वाटणीच्या पलीकडे हात न घालणं. गिटार वाजवणाऱ्या किती जणांना तू असं स्वतःला आवरताना पाहिलंयस?

संथपणाबद्दल लिहिताना तू विलंबित ख्यालाची आठवण काढलीस. तुलना मला पटत नाही. विलंबितात लय संथ ठेवतात ती गाणाऱ्याला आवर्तन भरायला ऐसपैस जागा मिळावी म्हणून. सगळं लक्ष तो ती जागा कशी भरतो आणि समेवर कसा येतो याकडे. इथे मोकळी जागा भरायला कुणी पुढे येतच नाही. लय संथ असते ती तीन ओळी एकमेकींत अडकताना ऐकू याव्यात म्हणून. वेग वाढवला तर त्यांचा नुसता गुंता होईल.

आणि सगळीच गाणी संथ आहेत हे कुणी सांगितलं तुला? ‘एक्स्ट्रामंडेन’ चक्क धावतं. ‘सायकोसोमॅटिका’ तर दात-ओठ खात वाजवलेलं आहे. ते ‘लेपिडॉप्टेरा’नंतर लगेच येतं, म्हणजे झोपलास असं गृहीत धरलं तरी तिथे उठायला हवा होतास! मला वाटतं ‘स्लोकोर’, म्हणजे संथ, दबक्या रॉकचा प्रकार, हा शिक्का तू आधी वाचलास आणि मग त्याच कानांनी ऐकलंस. कोडीन, लो, रेड हाउस पेंटर्स हे बँड आणि बेडहेड, सगळ्यांना त्या एका पोत्यात कोंबलेलं आहे. ‘लो’ बँडच्या गाण्यांत दोन माणसांच्या आवाजांना जे स्थान आहे ते बेडहेडमध्ये गिटारींना आहे. एका पोत्यात ठेवून त्यांची तुलनाच होत नाही.

आता आवाज कसा चढतो त्याबद्दल. त्या दशकाची सवय तुझ्या-माझ्या अंगात मुरलेली आहे: कडवं हळू, मग पायाखालचा डिस्टॉर्शनचा, म्हणजे आवाज खरखरीत करणारा, पेडल दाबायचा आणि ध्रुवपदात भिंत कोसळवायची. पिक्सीज या बँडने ती युक्ती दाखवली, निर्वाणा या बँडने ती घराघरांत नेली, आणि १९९४ पर्यंत तिचा पार चोथा झाला होता. बेडहेडचं चढणं बोटांतून येतं. तीच तार थोडी जोरात छेडतात, एका तारेऐवजी दोन छेडतात, ड्रमवाला हात जरा मोकळा सोडतो. बदल इतका इंचाइंचाने होतो की मोठ्या आवाजापाशी पोचल्यावर मागे वळून पाहावं लागतं. शेवटचं ‘द प्रेझेंट’ आहे ना, त्यात ‘आता फुटणार’ अशी वाट पाहायला लावणारी खूणच कुठे नाही. तुझी निराशा तिथेच झाली असणार. तू स्फोटाची वाट बघत बसलास.

हा अल्बम स्टीव्ह अल्बिनी या ध्वनिमुद्रकाने रेकॉर्ड केला, हा योगायोगही मला फार मोलाचा वाटतो. हा माणूस स्वतःला प्रोड्यूसर म्हणवून घेत नसे आणि रॉयल्टीही घेत नसे. प्लंबरला देतात तसे कामाचे पैसे द्या, असं त्याने निर्वाणाला पत्रात कळवलं होतं. बँड खोलीत जसा वाजतो तसा टेपवर उतरवायचा, ही त्याची रीत. बेडहेडसारख्यांना नेमकं हेच हवं होतं, कारण त्यांचं सगळं भांडवल म्हणजे हळू आणि जोरात यांमधलं अंतर. त्याच सुमारास बाकीचे लोक सीडीचा आवाज दाबून-फुगवून वर ढकलत होते. रेड हॉट चिली पेपर्सचा १९९९ चा ‘कॅलिफोर्निकेशन’ हा अल्बम त्यासाठी आजही बदनाम आहे. दाबलेल्या आवाजाची सवय झालेल्या कानांना ‘एक्झ्यूम’ या पहिल्या गाण्याची सुरुवात मिळमिळीत वाटणार, आणि तू प्लेलिस्टमध्ये कुठल्या तरी भरघोस गाण्यानंतर ती ऐकली असशील तर विचारूच नकोस.

राहिला गळ्याचा प्रश्न. इथे मी तुझ्या बाजूने थोडा झुकतो. आवाज खाली आहे, मुद्दाम खाली आहे, आणि ‘फरगेटिंग’मध्ये तर मलाही वाटतं की बाबा रे, जरा तोंड उघड. पण याचं खापर अल्बिनीवर फोडू नकोस. १९९४ च्या पहिल्या अल्बमपासून ते असेच गातात. तीन गिटारींच्या बरोबरीने चौथी ओळ म्हणून आवाज ठेवायचा तर तो वर काढून चालत नाही, तो वर आला की बाकी तिघी साथीदार होऊन बसतात. निवड म्हणून मला ती पटते. किंमत मात्र मोजावी लागते: शब्द हातून जातात, आणि शब्द वाईट नाहीत. थोडके, कोरडे, मरणाबद्दल असले तरी रडगाणं न गाणारे. एकदा नुसते वाचून काढ, मग ऐक.

म्हणजे माझा दावा एवढाच आहे. हा दशकातला सर्वश्रेष्ठ अल्बम वगैरे नाही. असली विशेषणं लावणाऱ्यांनीच याचं नुकसान केलंय, कारण माणूस मोठ्या अपेक्षेने येतो आणि नऊ गाणी पुटपुटत निघून जातात. ‘इन द एरोप्लेन’मध्ये जी पोटातून आलेली किंकाळी आहे ती इथे नाही, आणि किंकाळीच हवी असेल तर तू तुझ्या जागी बरोबर आहेस. पण एकत्र वाजवणं म्हणजे काय, पाच माणसांनी मिळून एक वाक्य कसं बोलायचं, याबाबतीत त्या काळच्या इंडी रॉकमध्ये यांच्या तोडीचं फार थोडं आहे. कोडीनचा ड्रमर ख्रिस ब्रोकॉ पुढे केडेन बंधूंच्या नव्या बँडमध्ये जाऊन बसला. त्याने काहीतरी ऐकलं असणारच की! वाजवणाऱ्यांमध्ये या अल्बमला मान आहे, ऐकणाऱ्यांमध्ये नाही, आणि माझं भांडण या तफावतीशी आहे.

‘व्हॉटफनलाइफवॉज’ जास्त चांगला, असं तू जाता जाता म्हणालास. तो जास्त मनमिळाऊ आहे, हे कबूल. ‘लाइफराफ्ट’ कुणालाही पहिल्या ऐकण्यात आवडतं, आणि ‘बेडसाइड टेबल’ तर त्याहून. नवख्याला मीही तोच देईन. पण तिथे त्यांना काय करायचंय ते सापडतं आहे, आणि इथे ते सापडून झालेलं आहे.

आता एक कर. अल्बम पहिल्यापासून लावू नकोस. आधी ‘एक्स्ट्रामंडेन’, म्हणजे संथपणाची तक्रार निकालात निघेल. मग ‘लेपिडॉप्टेरा’, हेडफोनवर, एकाच गिटारच्या मागे. त्यानंतर आवाजाचं बटण नेहमीपेक्षा वर ठेवून ‘एक्झ्यूम’पासून सलग, मध्ये दुसरं काही न लावता. ‘फरगेटिंग’ गाळलंस तरी मी काही म्हणणार नाही.

आणि उत्तरात पुन्हा ‘कंटाळवाणं’ असं लिहिणार असलास तर कुठल्या गाण्यात, कितव्या मिनिटाला, तेही लिही. मोघम शिव्या चालणार नाहीत.

तुझाच,
जुना भांडखोर मित्र